‘पन्नी’ऐवजी क्रोशाची पिशवी: घरी कशी विणायची, किती वजन पेलते आणि किती वापरली तर परवडते?

वरवट बकाल (जि. बुलढाणा) : बाजारातून आणलेली थैली ओट्यावर उपडी केली की भाजीच्या आधी पन्न्या बाहेर पडतात. मिरचीची एक, कोथिंबिरीची एक, टोमॅटोची एक, लिंबांची एक. मोठी थैली घरून नेली तरी आतल्या या चार-पाच काही चुकत नाहीत. वऱ्हाडात प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीला ‘पन्नी’ म्हणतात. कागदावर तिच्यावर बंदी येऊन बरीच वर्षे झाली आहेत.

राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर, २३ जून २०१८ पासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडल्यास ५ हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पुढे केंद्राच्या नियमांनी देशभरात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्याही बंद केल्या. तरी पन्नी येतेच. कारण ती फुकट मिळते, आणि ऐन वेळी हातात दुसरे काही नसते.

या ‘ऐन वेळी’वरचा एक उपाय म्हणजे घरी विणलेली क्रोशाची जाळीदार पिशवी. दुमडली की मुठीत मावते, गाडीच्या डिक्कीत पडून राहते आणि बाजारात उघडली की ताणून मोठी होते. मोबाइलवर तिचे व्हिडिओ ढिगाने आहेत. मात्र दोरा कोणता घ्यायचा, पट्टा लोंबू नये म्हणून काय करायचे आणि एवढी मेहनत खरोखर सत्कारणी लागते का, हे प्रश्न बहुतेक व्हिडिओंमध्ये सुटत नाहीत.

कापसाच्या गावाला पन्नी जास्त महाग का?

वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या कापूस पट्ट्यातले गाव. इथून जवळच्या खामगावची बाजारपेठ कापसावरच वाढली. जलंब ते खामगाव ही रेल्वेची फांदी १८७० मध्ये टाकली गेली तीही कापसासाठी.

कापसाच्या शेतात पन्नी शिरली की नुकसान फक्त दिसण्याचे नसते. वाऱ्याने उडालेले तुकडे पऱ्हाटीला अडकतात, वेचणीत कापसाबरोबर झोळीत येतात. प्लॅस्टिकच्या विणीच्या पोत्यात कापूस भरला तर पोत्याचे सुटलेले धागेही त्यात मिसळतात. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, पण हे तुकडे बारीक होऊन रुईतच राहतात. पुढे सूतगिरणीत धागा तुटतो, आणि कापड रंगवल्यावर प्लॅस्टिकचा तंतू रंग धरत नाही, त्यामुळे कापडावर ठिपके-रेघा दिसतात. भारतीय रुईबद्दल गिरण्यांची ही जुनी तक्रार आहे. म्हणूनच वेचणीला सुती झोळी आणि भरायला सुती कापड वापरा, असा सल्ला शेतकऱ्यांना वारंवार दिला जातो.

उकिरड्यावर चरणारी गुरे पन्नीसकट शिळे अन्न गिळतात, हे वेगळे सांगायला नको. गाईच्या पोटातून शस्त्रक्रियेने किलोंनी प्लॅस्टिक काढल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

क्रोशा म्हणजे नेमके काय?

‘क्रोशे’ हा फ्रेंच शब्द, अर्थ लहान आकडा. टोकाला आकडा असलेली एकच सुई आणि एक अखंड दोरा. दोन सुयांच्या लोकरीच्या विणकामात सुईवर एका वेळी पन्नास-साठ टाके असतात आणि सुई निसटली की रांगच उसवते. क्रोशात बहुतेक वेळ एकच फास सुईवर असतो. लाइट गेली, दूध उतू गेले, कोणी हाक मारली तरी काम तसेच खाली ठेवता येते. घरकामाच्या मधल्या वेळात ही कला टिकून राहिली त्याचे हे मोठे कारण असावे.

मराठी घरांना ती नवी नाही. दारावरचे तोरण, टीव्हीवरचा रुमाल, ताटावरचे झाकण अशा रूपांत दोन पिढ्यांनी क्रोशा पाहिला आहे. जाळीची पिशवी तर त्याहून जुनी. दुधादह्याचे मडके टांगायचे शिंके आणि बैलाच्या तोंडाला बांधायचे मुसके या दोरीच्या जाळ्याच. कमी दोऱ्यात जास्त जागा आणि ताण चारी बाजूंना वाटलेला, हेच तत्त्व क्रोशाच्या पिशवीत आहे.

आधी दोरा तपासा

दुकानात ‘लोकर’ मागितली तर हातात येते ते बहुतेक वेळा अॅक्रिलिक, म्हणजे प्लॅस्टिकचाच तंतू. रंग झकास, स्वस्त, मऊ. पण पिशवीसाठी दोन कारणांनी वाईट. भाराखाली ते लांबत जाते, आणि धुताना सूक्ष्म तंतू पाण्यात सोडते. पन्नी टाळण्यासाठी प्लॅस्टिकच विणत बसण्यात काही हशील नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. दोऱ्याचा दोन इंचांचा तुकडा चिमट्यात धरून, मोकळ्या जागी, पेटवून पाहा. सूत कागदासारखे जळते, मागे चुरगळणारी राख राहते. अॅक्रिलिक वितळून आक्रसते आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. हीच परीक्षा दुकानातून मिळणाऱ्या कापडासारख्या ‘नॉन-वोव्हन’ पिशवीच्या कोपऱ्याला लावा. ती वितळते, कारण ती पॉलिप्रॉपिलीनची असते.

एका पिशवीला मध्यम जाडीचा, ८ पदरी सुती दोरा सुमारे १५० ग्रॅम लागतो. सुई ४ ते ४.५ मिमीची. इथे एक हिशेब गमतीचा आहे. कापसात रुई साधारण एक तृतीयांश निघते, म्हणजे एका पिशवीत जेमतेम अर्धा किलो कापूस जातो. १७० किलोच्या एका गठाणीतून, कताईतली तूट धरूनही, हजारच्या आसपास पिशव्यांचे सूत निघेल. तरी कापूस गावात, सूतगिरण्या आणि दोऱ्याचे गुंडे बनवणारे कारखाने दूर, आणि तोच कापूस दहापट फिरून गावातल्या दुकानात येतो.

दोरा विकत न घेताही जमते. जुन्या सुती टी-शर्टचा बाह्यांखालचा नळकांड्यासारखा भाग २ सेंटिमीटर रुंदीच्या अखंड पट्टीत कापा आणि ओढा. कडा आपोआप आत वळतात आणि गोल दोरीसारखा धागा तयार होतो. जुन्या सुती साडीच्याही पट्ट्या चालतात: एका टोकापर्यंत कापत न्या, शेवटचे बोटभर सोडा आणि उलट फिरा, म्हणजे पट्टी तुटत नाही. मात्र विणलेल्या कापडाच्या कडांची सुते निघतात, तेव्हा पहिल्या दोन धुण्यांत पिशवी जरा केसाळ दिसेल. पट्ट्यांसाठी सुई ८ ते १० मिमीची घ्यावी लागते आणि पिशवी जाड, वजनदार होते. गोधडी शिवणाऱ्या घरात हा प्रकार कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.

तीन टाके पुरेत

साखळी: सुईवरच्या फासातून दोरा ओढला की एक साखळी.

मुका खांब: सुई टाक्यात घालून दोरा ओढून आणा, सुईवर दोन फास होतात, पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. बुटका, घट्ट टाका.

खांब: आधी दोऱ्याचा एक वेढा सुईवर घ्या, मग टाक्यात सुई घालून दोरा ओढा. तीन फास दिसतील. दोन-दोन करत दोनदा सोडवा. हा उंच टाका.

याशिवाय फेरी जोडायला स्लिप स्टिच लागते: टाक्यात सुई घालून दोरा थेट सुईवरच्या फासातूनही ओढून घ्यायचा, बस. पहिल्यांदाच सुई धरणाऱ्याने आधी वीतभर साखळी विणून उसवावी, पुन्हा विणावी. फास सारखे यायला लागले की पुढे जा.

तळापासून पट्ट्यापर्यंत

तळ गोल. ५ साखळ्यांचे कडे करा. ३ साखळ्या चढा (या एका खांबाच्या जागी मोजायच्या) आणि कड्यात आणखी ११ खांब घाला, एकूण १२. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे २४. तिसरीत एकाआड एक टाक्यात दोन, ३६. चौथीत दर तिसऱ्या टाक्यात दोन, ४८. याच चालीने पाचवीत ६० आणि सहावीत ७२. दर फेरीला १२ वाढतात. तळ थाळीसारखा सपाट राहायला हवा. वाटीसारखा वळला तर टाके कमी पडले आहेत, फुलासारखा लहरला तर जास्त झाले आहेत. दोन्ही वेळा उसवून मागे जाणे हाच उपाय. पुढे ‘जुळून येईल’ ही आशा ठेवू नका.

सहा फेऱ्यांनंतर साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचा तळ होतो. आता वाढ न करता ७२ खांबांच्या तीन फेऱ्या सरळ वर न्या. बहुतेक नमुन्यांत ही पायरी नसते, तळाला लगेच जाळी सुरू होते आणि मग बाजारातून येताना लसूण-मिरची रस्ताभर सांडते. चार सेंटिमीटरची ही बंद भिंत बारीक वस्तू धरून ठेवते.

मग जाळी. ५ साखळ्या घ्या, दोन टाके सोडा, तिसऱ्यात मुका खांब. पुन्हा ५ साखळ्या, दोन सोडा, तिसऱ्यात मुका खांब. पूर्ण फेरीत २४ कमानी होतात. पुढच्या फेरीपासून मुका खांब खालच्या कमानीच्या मध्यावर येतो. इथे फेरी जोडायची गरज नाही, गोल गोल चढत जायचे. फक्त सुरुवातीच्या कमानीत रंगीत दोरा अडकवून ठेवा, नाहीतर कितवी फेरी चालू आहे हे थोड्या वेळाने कळेनासे होते. अशा १२ फेऱ्या. पिशवी अपुरी वाटेल, पण थांबा. भाराने जाळी बरीच खाली उतरते. रिकामी असताना गुडघ्यापर्यंत विणलेली पिशवी भरल्यावर जमिनीला टेकते.

तोंडाला घट्ट काठ हवा. प्रत्येक कमानीत ३ मुके खांब घाला, पुन्हा ७२ टाके. त्यावर मुक्या खांबांच्या आणखी दोन फेऱ्या.

आता पट्टा, जिथे बहुतेक घरगुती पिशव्या हार मानतात. सवयीने पट्टा आडव्या छोट्या ओळींनी, शिडीसारखा विणला जातो. त्यात भार प्रत्येक ओळीच्या सांध्यावर येतो आणि पट्टा रबरासारखा लांबतो. त्याऐवजी काठावरूनच ८० साखळ्या घ्या आणि तोंडाच्या बरोबर समोरच्या, म्हणजे ३६ टाके पुढच्या, टाक्यात जोडा. मग तिथून तोंडाच्या अर्ध्या काठावर मुके खांब घालत मागे या, तसेच साखळीवर चढा आणि हे कडे तीन वेळा फिरा. वळणाच्या कोपऱ्यात एक टाका गाळला की घडी पडत नाही. दोरा तोडून दुसऱ्या बाजूच्या कड्यालाही तशाच तीन फेऱ्या द्या. पट्ट्याच्या लांबीने जाणाऱ्या सहा ओळी तयार होतात, ताण सगळ्या दोऱ्यांवर लांबीने पडतो आणि पट्टा फारसा वाढत नाही. तो पिशवीला शिवून जोडलेला नसल्याने तुटायला सांधाही राहत नाही.

दोऱ्याची टोके कापून गाठ मारू नका. सुती गाठ धुण्यात सुटते. बोटभर लांब टोक मोठ्या सुईत ओवून, एकदा जाऊन उलट दिशेने परत, टाक्यांच्या आत लपवा.

किती वजन पेलेल?

पहिल्याच दिवशी बाजारात नेऊ नका. एक-एक लिटरच्या पाण्याने भरलेल्या तीन-चार बाटल्या घालून पिशवी रात्रभर खुंटीला टांगा. पाणी लिटरला किलो, त्यामुळे काटा लागत नाही. सकाळी पाहा: काठ वाकडा झाला का, पट्ट्याच्या मुळाशी टाके सैल पडले का, एखादी कमान बाकीच्यांपेक्षा लांब लोंबते का. तसे असेल तर तिथला टाका हुकला आहे. चार किलो शांतपणे धरणारी पिशवी आठवड्याच्या भाजीला पुरते. कलिंगड असेल तेव्हा तळहाताचा आधार द्या.

आणि त्या आतल्या चार-पाच पन्न्यांचे काय? जाळीची पिशवी एकटी त्यांना थांबवू शकत नाही, हे मान्य करावे लागेल. त्यासाठी उरलेल्या दोऱ्याच्या दोन छोट्या, निव्वळ मुक्या खांबांच्या बटवेवजा पिशव्या विणून मोठीतच ठेवा, एक मिरची-लिंबाला, दुसरी आले-लसणाला. ओल्या कोथिंबिरीला सुती रुमाल. विक्रेत्याने पन्नी उघडण्याआधी बटवा पुढे करायचा, एवढी चपळाई मात्र लागते.

५२ वेळा की ७,१०० वेळा?

सुती पिशवी म्हणजे पर्यावरणाची सेवाच, असे समजणाऱ्यांना डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासाने धक्का दिला. पिकापासून कचऱ्यापर्यंतचा सगळा हिशेब मांडून त्यांनी सांगितले की, साधी सुती पिशवी हवामानबदलाच्या दृष्टीने प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला किमान ५२ वेळा वापरावी लागते. सगळे निकष एकत्र धरले तर ७,१०० वेळा. त्याआधी २०११ मध्ये ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने सुती पिशवीसाठी १३१ हा आकडा दिला होता.

आठवड्याला एक बाजार धरला तर ५२ म्हणजे बरोबर एक वर्ष, १३१ म्हणजे अडीच वर्षे. ७,१०० म्हणजे १३६ वर्षे. तेवढे कोणाचेच आयुष्य नाही, पिशवीचेही नाही. पण हा मोठा आकडा प्रामुख्याने ओझोन थराच्या एका निकषामुळे फुगला आहे. शिवाय या हिशेबात उघड्यावर पडलेल्या कचऱ्याचा त्रास धरलेला नाही, कारण डेन्मार्कमध्ये कचरा भट्टीत जाळून ऊर्जा बनवतात. गटारात अडकणारी, गाईच्या पोटात जाणारी किंवा पऱ्हाटीला लटकणारी पन्नी त्या गणितात येतच नाही. वऱ्हाडातला बहुतांश कापूस पावसावरचा, त्यामुळे सिंचनाचा हिशेबही वेगळा.

तरी त्यातला मुद्दा खरा आहे. दुकानाच्या उद्घाटनाला, लग्नाच्या आहेराला मिळालेल्या वीस कापडी पिशव्या कपाटात पडून असतील तर एकविसावी विणून पर्यावरणाचे काही भले होत नाही. एकच विणा आणि वर्षभर दर बाजाराला न्या. जुन्या साडीची असेल तर तिच्या कापसाचा खर्च साडीच्या खात्यात आधीच फिटला आहे, तिला आकड्यांची शर्यत जिंकायची गरजच नाही.

विकून पैसे मिळतील का?

पिशव्या पाहिल्या की घरात हा प्रश्न येतोच. सराईत हाताला अशी पिशवी विणायला सहा ते आठ तास लागतात, नवख्याला तीन-चार दिवसांच्या दुपारी. दिवसभराच्या मजुरीत दोऱ्याची किंमत मिळवा. गावच्या बाजारात भाजीच्या थैलीसाठी तेवढे कोणी देईल का, हे ज्याचे त्याने ठरवावे. क्रोशाला घाई चालत नाही आणि कारखान्याची खरी स्पर्धाही नाही, कारण हा टाका हुबेहूब घालणारे यंत्र अजून बाजारात रुळलेले नाही. पण दुकानदार तुलना करणार ती दहा-वीस रुपयांच्या शिवलेल्या पिशवीशी.

आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूरचा अनुभव इथे महत्त्वाचा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि हजारो बायका घरी बसून परदेशी बाजारासाठी विणू लागल्या. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ या पुस्तकात दाखवले की, हे काम ‘घरबसल्या फावल्या वेळचे’ मानले गेल्यामुळेच विणणाऱ्यांच्या हातात नगण्य रक्कम पडत होती आणि नफा व्यापारी, निर्यातदारांकडे जात होता. नरसापूरच्या क्रोशे लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

बचत गटांनी उतरायचे असेल तर भाजीच्या थैलीपेक्षा शेगावसारख्या, वर्षभर बाहेरगावचे भाविक येणाऱ्या ठिकाणी चालतील अशा लहान, लवकर होणाऱ्या वस्तू हाती घेणे शहाणपणाचे: बाटलीची पिशवी, मोबाइलचा बटवा. आणि किंमत ठरवताना तास लिहून ठेवावेत. कागदावर तास दिसले की ‘जाऊ द्या, टाइमपासच होता’ हे वाक्य जरा अवघड होते.

धुणे आणि दुरुस्ती

पिशवी साध्या साबणाने हाताने धुवा आणि सपाट पसरून वाळवा. ओली टांगली तर पाण्याच्याच वजनाने लांबते. संग्रामपूरसारख्या खारपाण पट्ट्यात विहीर-बोअरच्या पाण्याला फेस कमी येतो आणि सूत वाळल्यावर ताठर होते. शेवटचे खंगाळणे पावसाच्या किंवा गोड्या पाण्यात केले तर मऊपणा टिकतो.

एखादी कमान खिळ्याला अडकून तुटली तर पिशवी टाकू नका. तुटलेली दोन्ही टोके ओढू नका, आजूबाजूचे दोन मुके खांब सुईने उचला, त्याच जाडीचा नवा दोरा घेऊन त्यांच्यामध्ये ५ साखळ्या घाला आणि वरच्या कमानीचा मुका खांब त्यात अडकवा. रंग जुळला नाही तरी चालेल. कोणती पिशवी कोणाची, हे बाजारात त्यावरूनच ओळखता येते.